एक तार आणि वीस खोल्या

गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांतील जुन्या चाळींत आणि इमारतींत छोटे-मोठे धंदे करणाऱ्या आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंची एक तक्रार गेली काही वर्षे सतत कानावर येत आहे. इंटरनेट आहे, पण चालत नाही. महिन्याचे पैसे भरलेले असतात, भिंतीवर यंत्राचे हिरवे दिवे लुकलुकत असतात, आणि गिऱ्हाइकाला डिझाईन पाठवायचे म्हटले की मोबाईलच्या पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. दिवसा कसेबसे काम चालते. रात्री नऊनंतर, म्हणजे शिवणकाम आणि जरीकाम करणाऱ्यांचा खरा दिवस सुरू होतो त्या वेळी, तार जवळजवळ मेलेली असते.

ही तक्रार केवळ गैरसोयीची असती तर या पानावर तिला जागा देण्याचे कारण नव्हते. परंतु आज धंद्याचा बराचसा भाग या तारेवर चालतो. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि दर महिन्याचे विवरणपत्र ऑनलाईन भरणे आले. मासिक विवरणपत्राची २० तारीख चुकली तर दर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, मालाचे फोटो तिथेच जातात, भाव तिथेच ठरतो. समोरचा घाऊक व्यापारी एकाच वेळी पाच कारागिरांकडून नमुने मागवतो आणि ज्याचा नमुना आधी पोहोचेल त्याच्याशी बोलणे सुरू करतो. अशा वेळी अर्ध्या तासाचा उशीर म्हणजे हातची ऑर्डर गेली, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

आमचे मत असे आहे की या दुखण्यातील बराचसा भाग कंपनीच्या दारात नसून आपल्याच इमारतीच्या जिन्यात आहे. एक जोडणी अनेकांनी वाटून घेणे यात गैर काही नाही. परंतु ती मापाशिवाय, हिशेबाशिवाय आणि कुलपाशिवाय वाटून घेतली जाते, हे गैर आहे. या तिन्ही गोष्टींचा विचार येथे करू.

दारात समुद्राची तार, घरात तहान

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले आणि त्या निगमचे मुख्य कार्यालय आपल्याच फोर्ट भागात होते. जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या तारांपैकी काही दादरला लागून असलेल्या प्रभादेवीत, काशिनाथ धुरू मार्गावरील लोकमान्य विदेश संचार भवनात येऊन पोहोचल्या. म्हणजे देशाचे इंटरनेट ज्या दारातून आत आले, त्या दारापासून दादर, परळ आणि लालबाग हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही येथील चाळीतल्या कारागिराला एक फोटो पाठवायला ताटकळत बसावे लागते. अडचण समुद्रात नाही हे यावरून समजावे.

कधी कधी ती समुद्रातही असते, हे खरे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ तारा तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेट मोठ्या प्रमाणावर मंदावले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ तारा तुटल्या तेव्हाही तोच अनुभव आला. परंतु असे प्रसंग क्वचित येतात आणि त्यांची बातमी वर्तमानपत्रात छापून येते. आपल्या चाळीतले इंटरनेट मात्र रोज रात्री मंदावते आणि त्याची बातमी कोठेच येत नाही.

मोटर लावलेला नळ

ज्याने चाळीत आयुष्य काढले आहे त्याला ही गोष्ट समजावून सांगायला वेगळ्या दाखल्याची गरज नाही. पहाटे नळाला पाणी येते. प्रत्येक खोलीचे हंडे रांगेत लागतात. रांग पाळली तर कमी दाबाच्या पाण्यातही सर्वांचे भागते. परंतु एकाने गुपचूप लाईनला मोटर लावली की त्याची टाकी भरते आणि वरच्या मजल्यावरचे नळ कोरडे पडतात. नळ तोच, पाणी तेवढेच, फक्त ओढणारा एक जण मोठा झाला.

इंटरनेटच्या तारेत याहून वेगळे काही घडत नाही. समजा १०० एमबीपीएसची एक जोडणी २० खोल्यांनी वाटून घेतली आहे. सगळ्यांनी एकदम वापर केला तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ एमबीपीएस येतात. एवढ्यात व्हॉट्सअ‍ॅप, विवरणपत्र, मुलांचा ऑनलाईन वर्ग हे सारे सहज चालते. परंतु दोघा-तिघांनी मोठ्या टीव्हीवर सर्वांत स्पष्ट प्रतीचा चित्रपट लावला, तर तो एकेक टीव्ही १५ ते २५ एमबीपीएस ओढतो. कोणी रात्रभर मोठे गेम उतरवायला लावले असतील तर ते यंत्र मिळेल तेवढे सगळे ओढते, कारण त्याला मर्यादा सांगितलेलीच नसते. ही मोटर डोळ्यांना दिसत नाही एवढाच फरक.

येथे एक गोष्ट व्यापाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावी. जाहिरातीत जो वेग सांगितला जातो तो बहुधा उतरवण्याचा असतो. आपला धंदा मात्र चढवण्यावर चालतो. फोटो पाठवणे, मालाचा व्हिडिओ पाठवणे, कॅमेऱ्यांचे चित्रण बाहेर साठवणे, हे सारे चढवण्याचे काम आहे. ४० फोटो, प्रत्येकी ५ एमबी, असे धरले तर २०० एमबी होतात. चढवण्याचा वेग २० एमबीपीएस असेल तर हे काम दीड मिनिटाच्या आत उरकते. तो वेग १ एमबीपीएसवर आला तर त्याच कामाला जवळजवळ २७ मिनिटे लागतात. जिन्यात लावलेले चार सीसीटीव्ही कॅमेरे दिवसरात्र बाहेर चित्रण पाठवत असतील तर तेच चढवण्याची सगळी वाट अडवून बसतात आणि दोष मात्र केबलवाल्यावर जातो. जोडणी घेताना चढवण्याचा वेग किती, हे विचारून आणि लिहून घेतले पाहिजे.

कंपनीही वाटूनच देते

कंपनीचा दोष नसतोच, असे आमचे म्हणणे नाही. कंपनीदेखील एकच मोठी तार अनेक गिऱ्हाइकांत वाटते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००९ मध्ये या वाटणीचे प्रमाण घरगुती गिऱ्हाइकांसाठी १ ला ५० आणि व्यापारी गिऱ्हाइकांसाठी १ ला ३० असे सांगितले होते. याचा अर्थ एका गिऱ्हाइकाला सांगितलेल्या वेगावर पन्नास जण बसलेले असू शकतात. सगळे एकदम आले नाहीत तर कोणालाच कळत नाही. रात्री नऊ ते अकरा या वेळात मात्र सगळे एकदम येतात. आपण त्या पन्नासातील एक जोडणी घेऊन ती पुन्हा वीस खोल्यांत वाटली तर वाटणीची वाटणी झाली. मग वेग कोठे जातो, हा प्रश्न उरत नाही.

ब्रॉडबँड कशाला म्हणावे याचे सरकारी मापही हळूहळू वाढत गेले आहे. २००४ मध्ये ते २५६ केबीपीएस होते, २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस करण्यात आले. आपल्या खोलीत रात्री दहा वाजता २ एमबीपीएससुद्धा मिळत नसतील, तर आपण ज्याचे पैसे भरतो त्याला सरकारी व्याख्येनेही ब्रॉडबँड म्हणता येणार नाही.

आधी मोजा, मग बोला

कापडाचा व्यापारी गज लावल्याशिवाय कापड घेत नाही आणि सोनार काट्याशिवाय बोलत नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण अंदाजाने भांडतो. म्हणून पहिले काम मोजण्याचे. ज्या पेटीत कंपनीची तार येते त्या पेटीला संगणक वायरने जोडावा आणि वेग मोजावा. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहा, अशा तीन वेळा आठ दिवस मोजून वहीत लिहावे. मोजताना बाकीच्यांच्या वायरी पाच मिनिटे काढून ठेवाव्यात.

या वहीतून तीन गोष्टी कळतात. वायरने मोजलेला वेग रात्री पडत असेल तर दोष कंपनीच्या बाजूला आहे. वायरने वेग पूर्ण मिळतो आणि खोलीत वाय-फायवर मिळत नाही, तर दोष भिंतींचा आणि आपल्या मांडणीचा आहे. इतरांच्या वायरी काढल्यावर वेग पूर्ण आणि लावल्यावर शून्य, असे असेल तर इमारतीत कोणीतरी मोटर लावली आहे.

दोष कंपनीचा निघाला तर वहीचा उपयोग पुराव्यासारखा होतो. तोंडी तक्रार करू नये. तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. २०१२ च्या ट्राय नियमांनी ही दुसरी पायरी प्रत्येक गिऱ्हाइकाला दिली आहे, परंतु तिचा वापर आपल्याकडे फार थोडे लोक करतात. आपला व्यापारी केबलवाल्याच्या पोऱ्याशी जिन्यात भांडतो, तो पोऱ्या यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो, आणि तक्रार तिथेच संपते.

जुन्या भिंती, लोखंडी माळे

दोष आपल्या मांडणीचा निघाला तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या इमारतीच मुळी वाय-फायसाठी बांधलेल्या नाहीत. जाड विटांच्या भिंती, लोखंडी माळे, पत्र्याची कपाटे, पाण्याच्या टाक्या आणि मोठे आरसे हे सगळे वाय-फायच्या लहरी अडवतात. पेटी कपाटामागे किंवा माळ्याखाली ठेवली असेल तर ती उंच आणि मोकळ्या जागी आणावी. एका खोलीतून तिसऱ्या खोलीत वाय-फाय पोहोचवण्याचा हट्ट सोडून गॅलरीतून चांगली वायर न्यावी. ही साधी वायर १०० मीटरपर्यंत बिनधोक चालते आणि आपल्या चाळीची गॅलरी त्याहून लांब क्वचितच असते.

दुसरी गोष्ट गर्दीची. एका मजल्यावर पंधरा पेट्या एकाच चॅनेलवर ओरडत असतील तर कोणाचेच बोलणे कोणाला ऐकू येत नाही. जुन्या, लांब जाणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या आड न येणारे चॅनेल मुळात तीनच आहेत, १, ६ आणि ११. शेजाऱ्यांनी एकत्र बसून ते वाटून घेतले तर एक पैसा न खर्चता फरक पडतो. जवळच्या वापराला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा घ्यावा. तो भिंतीपलीकडे कमी जातो, आणि दाटीच्या चाळीत हाच त्याचा गुण ठरतो.

तिसरी गोष्ट जिन्यातल्या पेटीची. वायरी वाटणारे ते यंत्र अनेक इमारतींत कोणा एकाच्या खोलीतील विजेवर चालते. मे महिन्यात तो माणूस मेन स्विच बंद करून गावी जातो आणि सगळ्या मजल्याचे इंटरनेट त्याच्याबरोबर कोकणात जाते. कोणी नवी पेटी आणून तिची वायर चुकीच्या खाचेत घालतो, ती पेटी साऱ्या इमारतीला चुकीचे पत्ते वाटू लागते, आणि तीन दिवस कोणाला कारण सापडत नाही. या पेटीला कुलूप हवे, तिची वीज सामाईक मीटरवर हवी, आणि प्रत्येक वायरीवर खोली क्रमांकाची चिठ्ठी हवी. हे काम एका दुपारचे आहे.

कोणी किती द्यावे

आता हिशेबाचा प्रश्न. बहुतेक इमारतींत बिलाचे सारखे भाग पाडले जातात. यात दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. फक्त व्हॉट्सअ‍ॅपपुरता वापर करणारी विधवा आणि संगणकावर भरतकामाची डिझाईने चालवणारा कारखाना यांनी सारखे पैसे द्यावेत हे योग्य नाही. आमची सूचना अशी की भाग वापराप्रमाणे पाडावेत. कारखान्याचे तीन, दुकानाचे दोन आणि घराचा एक. समजा बिल २,००० रुपये आहे. दोन कारखाने, तीन दुकाने आणि आठ घरे मिळून २० भाग होतात. भागाला १०० रुपये. कारखान्याने ३००, दुकानाने २०० आणि घराने १०० द्यावेत. जेवढा भाग तेवढाच वेग त्या वायरीला पेटीतून बांधून द्यावा. बऱ्याच चांगल्या पेट्यांत ही सोय असते आणि बसवणाऱ्याला सांगितले की तो करून देतो. मग मोटर लावण्याचा प्रश्नच उरत नाही.

वेळेचीही वाटणी व्हावी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा मोबाईलवर भरू लागल्या, तेव्हा एकाच खोलीत बापाची ऑर्डर आणि मुलीचा वर्ग यांची ओढाताण आपण सर्वांनी पाहिली आहे. ती वेळ गेली, पण मुलांचा अभ्यास तारेवर आला तो राहिलाच आहे. संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासाला पहिला मान, नऊनंतर कारखान्याला, आणि मोठे उतरवणे मध्यरात्रीनंतर, असे लिहून जिन्यात लावावे. रमजानच्या दिवसांत कामाच्या वेळा बदलतात, तेव्हा कागदही बदलावा. धंद्यासाठी मुलांचा अभ्यास मारणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, हे आमच्या कारागीर बंधूंनी विसरू नये.

येथे एक आक्षेप येईल. मोबाईलचा डेटा एवढा स्वस्त झाला असताना या खटाटोपाची गरज काय? आक्षेप अगदीच खोटा नाही. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाईल डेटाचे भाव कोसळले आणि ज्याचा धंदा दोन फोनवर चालतो त्याने सामाईक तारेच्या भानगडीत पडूच नये. पैसे घेण्यासाठीही तारेची गरज नाही. काउंटरवरचा क्यूआर कागद असतो आणि रक्कम मोठ्याने सांगणारी डबी स्वतःच्या सिमवर चालते. परंतु इमारतीच्या पोटातल्या गाळ्यात, जेथे मोबाईलची एक कांडीही उभी राहत नाही, तेथे गिऱ्हाईक पैसे देण्यासाठी रस्त्यावर जाते, आणि रस्त्यावर गेलेले गिऱ्हाईक परत येतेच असे नाही. शिवाय मोठी फाईल, कॅमेरे आणि संगणक यांना मोबाईल पुरा पडत नाही.

स्वतंत्र जोडणी परवडत असेल तर तीच घ्यावी, असे आम्ही स्पष्टपणे सांगू. २०२० मध्ये ३० एमबीपीएसची घरगुती जोडणी महिना ३९९ रुपये अधिक करात बाजारात आली आणि स्वस्त योजनांची चढाओढ सुरू झाली. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला यात आणखी एक फायदा आहे. बिल आपल्या गाळ्याच्या नावाने आणि आपल्या जीएसटी क्रमांकाने घेतले तर धंद्याच्या वापरावरील १८ टक्के कर वजा मिळतो. १,००० रुपयांच्या बिलावर १८० रुपये परत, वर्षाला २,१६० रुपये. सामाईक जोडणीत बिल एकाच्या नावावर असते, बाकीचे ही रक्कम दरमहा सोडून देतात. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला मात्र ही सवलत नाही, हे ध्यानात ठेवावे.

कुलूप नसलेले दार

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वेग कमी असला तर पैसे जातात. पासवर्ड नसला तर अब्रू जाऊ शकते.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला होता. तपासात तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या वाय-फायवरून गेल्याचे दिसले. त्या गृहस्थाचा कटाशी संबंध नव्हता, कोणीतरी त्याची उघडी जोडणी वापरली होती, तरीही त्याला चौकशीच्या फेऱ्यातून जावे लागले. त्यानंतर ऑगस्टमध्ये दादरला लागून असलेल्या माटुंग्यातील खालसा महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीच्या जोडणीचा असाच गैरवापर झाला. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या.

या प्रकरणांचा धडा सरळ आहे. तारेवरून कोणी काय केले हे पोलिसांना आधी कळत नाही, जोडणी कोणाच्या नावावर आहे हे आधी कळते. वीस खोल्यांची तार एका कारागिराच्या नावावर असेल आणि पासवर्ड साऱ्या गल्लीला पाठ असेल, तर विसाव्या खोलीतल्या पाहुण्याच्या उद्योगाची नोटीस त्या कारागिराच्या दारी येईल. अशी नोटीस दारी आली म्हणजे पुढे काय काय होते, हे या शहरात आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ज्याने शेजारधर्म म्हणून स्वतःच्या नावावर तार घेतली त्यालाच शेजाऱ्यांनी असे उघड्यावर ठेवणे हा शेजारधर्म नव्हे.

म्हणून प्रत्येक खोलीचा पासवर्ड वेगळा असावा, तो तीन महिन्यांनी बदलावा, पाहुण्यांसाठी वेगळे नाव व वेगळा पासवर्ड असावा, आणि कोणती वायर कोणाकडे आहे याची सही असलेली यादी असावी. पेटीबरोबर आलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवू नये.

पैसे घेऊन तार वाटण्याबाबतही सावध राहावे. १८८५ च्या तार कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत नियम एकच सांगतो, परवानगीशिवाय दूरसंचार सेवा विकता येत नाही. बिल वाटून भरणे आणि नफा घेऊन विकणे यांत फरक आहे, पण घरगुती जोडणीच्या करारात वाटणीलाही बंदी असू शकते. म्हणून जोडणी सोसायटीच्या किंवा भाडेकरू समितीच्या नावावर घ्यावी आणि अशा वापराला मुभा आहे का, हे कंपनीला लेखी विचारावे.

ज्याला खरोखरच इंटरनेट विकायचे आहे त्याच्यासाठी सरळ रस्ता आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. तिच्याखाली किराणा दुकानदार किंवा चहावालाही परवाना न काढता आणि शुल्क न भरता सार्वजनिक वाय-फायचे केंद्र चालवू शकतो. वापरणारा आपल्या ओळखीने आत येतो, त्यामुळे कोणी काय केले याची नोंद राहते आणि दुकानदाराच्या गळ्यात फास अडकत नाही. जून २०२५ मध्ये ट्रायने असा आदेश दिला की २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी अशा केंद्राकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. त्याआधी महागडी व्यापारी जोडणी घ्यावी लागत असल्याने हा धंदा परवडत नव्हता. आता तळमजल्यावर दुकान असलेल्या आमच्या तरुणांनी याचा हिशेब मांडून पाहावा.

नव्या इमारतीच्या करारात तार हवी

शेवटी पुनर्विकासाबद्दल. पागडीच्या इमारतीत मालक साध्या दुरुस्तीला हात लावत नाही, तेथे तो नव्या तारेसाठी भिंत फोडू देईल, ही आशा बाळगता येत नाही. परंतु या साऱ्या पट्ट्यात इमारती पडत आहेत आणि नव्या उभ्या राहत आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बीडीडीच्या २०७ चाळी होत्या आणि त्यांच्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. इतरांची पाळी येत आहे.

करार करताना आपले लोक क्षेत्रफळ, भाडे आणि कॉर्पस यांवर महिनोन् महिने भांडतात, आणि ते योग्यच आहे. त्यात एक ओळ आणखी घालावी. प्रत्येक मजल्यापर्यंत तारेची मोकळी नळी, प्रत्येक गाळ्यात आणि घरात तिचे टोक, आणि कोणत्याही कंपनीला त्या नळीतून येण्याची मुभा. बिल्डरने किंवा कमिटीने एकाच केबलवाल्याशी सौदा करून बाकीच्यांना फाटकावर अडवले की रहिवासी कायमचा त्याच्या हाती सापडतो. इमारतींना त्यांच्या जोडणीच्या सोयीप्रमाणे श्रेणी देण्याचे नियम ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये केले आहेत. त्यांचा हवाला देऊन बिल्डरकडे लेखी मागणी करता येते. इमारत बांधताना ही नळी टाकायला फारसे काही लागत नाही, नंतर टाकायची म्हटली की प्रत्येक भिंत आडवी येते.

आमच्या पूर्वीच्या पिढीने एका नळावर तीस बिऱ्हाडे जगवली. त्यांच्याकडे यंत्र नव्हते, मीटर नव्हता. रांग होती, आणि रांग मोडणाऱ्याला तोंडावर बोलणारी माणसे होती. आजच्या तारेसाठी तेवढीच शिस्त पुरेशी आहे. या रविवारी आपल्या मजल्यावरील दहा माणसांनी एकत्र बसावे, वेगाची वही उघडावी, जिन्यातली पेटी उघडून वायरींवर चिठ्ठ्या लावाव्यात, भाग ठरवावेत आणि पासवर्ड बदलावेत. त्यानंतरही तार मंदच राहिली तर कंपनीला लिहिण्याचा अधिकार आपला आहे, आणि तेव्हा आपल्या हातात केवळ राग नसेल, आठ दिवसांचे आकडेही असतील.